सरळ पाइप कुणीही टाकतो!

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी 'सेकंड लँग्वेज'चा पेपर होता आणि ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क दरवर्षी नियमाने कापले जायचे. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागाची संपादिका लेख मागायला रूमवर आली, तेव्हा सगळ्यात आधी माझी रूममेटच हसली. "ही? ही तर धोब्याचा हिशोबसुद्धा इंग्लिशमध्ये लिहिते!" तरीही मी हो म्हणाले. कारण आज ज्या विषयावर लिहितेय तो मी मराठीतच शिकले, वलवणला नानांच्या ओट्यावर बसून. आणि हा अंक नाना वाचणार आहेत. इंग्लिश विभागात लिहिलं असतं तर त्यांनी फक्त माझा फोटो शोधला असता आणि अंक टीव्हीवर ठेवून दिला असता.

नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. वय वर्षे ७४. घर आमचं नाशिकला, पण आजोळ इथलंच, वलवणचं. आपण हॉस्टेलवाले चार वर्षं लोणावळ्यात काढतो. भुशी डॅम, टायगर पॉइंट आणि कुठल्या दुकानाची चिक्की चांगली एवढं आपल्याला पाठ होतं. पण इंजिनिअरिंगच्या मुलांनी बघावी अशी खरी गोष्ट आपल्या उशाला आहे, ती आपण बघत नाही. १९११ साली वलवणच्या धरणाचा पाया घातला गेला आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. लोणावळा, वलवण आणि शिरोता इथलं पाणी खंडाळ्यापर्यंत आणून तिथून लोखंडी पाइपांनी घाटाखाली सुमारे ५०० मीटर खोल सोडायचं, अशी ही योजना. खोपोलीतून वर बघितलं की डोंगराच्या अंगावर ते पाइप दिसतात. नाना याच पाइपांवर फिटर होते.

मी लहान असताना ते एक वाक्य नेहमी म्हणायचे. "सरळ पाइप कुणीही टाकतो गं. फाटा काढायला डोकं लागतं." मला तेव्हा यातलं काही कळायचं नाही. ते समजावून सांगायचे. पाइप म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या असंख्य पोलादी बांगड्या. आतलं पाणी बांगडीला बाहेर ढकलतं आणि बांगडी त्याला धरून ठेवते. आता फाटा काढायला तुम्ही पाइपाला भोक पाडलंत की तिथली बांगडी तुटली. तुटलेल्या बांगडीचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. म्हणून फाट्यावर जाड कॉलर, पट्ट्या आणि चोख वेल्डिंग. सेकंड इयरला सरांनी बोर्डवर 'हूप स्ट्रेस' लिहिलं तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकटीलाच बांगड्या दिसत होत्या!

असो. आता मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षी नानांची सोनोग्राफी केली ती प्रोस्टेटसाठी. सापडलं भलतंच. हृदयातून निघून पाठीच्या कण्याला लागून खाली येणारी आपली मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, पोटात साधारण २ सेंटिमीटर व्यासाची असते. नानांची एका ठिकाणी फुगून ६ सेंटिमीटर झाली होती. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, याला अॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या वर गेलं की थांबू नये असा संकेत आहे. फुटलं तर बहुतेक वेळा हॉस्पिटल गाठायलाही सवड मिळत नाही.

मामा आणि आई गप्प झाल्या. मी मात्र रिपोर्टच्या पाकिटामागे गणित मांडत बसले होते. (हा मेकॅनिकलवाल्यांचा आजार आहे, नाइलाज आहे.) भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. दाब तोच, व्यास तिप्पट, म्हणजे जाडी तेवढीच धरली तरी ताण तिप्पट. आणि फुगणारी भिंत काही तेवढीच जाड राहत नाही. एकदा फुगायला लागलेली नळी फुगतच का जाते हे त्या एका ओळीत आहे. गंमत म्हणजे दाब मोठा नाहीच. वरचं ब्लडप्रेशर १२० म्हणजे पाण्याच्या हिशोबात जेमतेम १.६ मीटर. खोपोलीला ५०० मीटर! पण खोपोलीचा पाइप पोलादाचा आहे, आणि हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोका देतं. वर्षाला पावणेचार कोटी. फटीग म्हणजे काय हे ज्याला व्हायवात सांगता येत नाही त्याने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवावं.

हा आजार नवा नाही. आइन्स्टाइनला हाच होता. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने त्याची फुगलेली महाधमनी सेलोफेनच्या कागदात गुंडाळली, कारण तेव्हा त्याहून चांगला उपाय हाताशी नव्हता. त्यावर आइन्स्टाइन सहा-सात वर्षं जगला आणि १९५५ साली धमनी फुटून गेला. त्याच सुमारास अमेरिकेत मायकेल डिबेकी हा सर्जन बायकोच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या शिवत होता. डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिस्टर, शर्टातलं. पोट उघडायचं, फुगलेला भाग उघडून त्या जागी ही नळी शिवायची. गंमत बघा, २००६ च्या सुरुवातीला, वयाच्या ९७ व्या वर्षी, महाधमनीच्याच आजारासाठी खुद्द डिबेकींवर ऑपरेशन झालं, आणि ते ९९ वर्षं जगले.

पण पोट उघडणं सगळ्यांना झेपत नाही. म्हणून दुसरी कल्पना निघाली. कापडाच्या नळीला आतून धातूच्या जाळीचा सांगाडा द्यायचा, छत्रीसारखी मिटवून बारीक नळीत भरायची, मांडीच्या धमनीतून वर सरकवायची आणि योग्य जागी उघडायची. फुगलेली भिंत तशीच राहते, पण रक्त आतल्या नव्या नळीतून जातं. हाच स्टेंट ग्राफ्ट. १९८७ साली खारकीव्हमध्ये निकोलाय व्होलोडोस यांनी छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट बसवला आणि १९९० साली ब्युनॉस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी पोटातल्या. जाळी बहुतेक वेळा निटिनॉलची, निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. थंड करून मिटवा, शरीराच्या उबेने तो आपला जुना आकार आठवतो. हा धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, म्हणून नावात 'नॉल'. आपल्या शेजारी आयएनएस शिवाजी आहे, तिथल्या मंडळींना हे वाचून बरं वाटेल.

इथपर्यंत सगळं छान. मग अडचण कुठे आहे? अडचण फाट्यावर आहे!

एक्स्प्रेस वेचं उदाहरण घ्या. समजा खंडाळा ते तळेगाव रस्ता खराब झाला आणि कुणीतरी उपाय काढला की या पूर्ण पट्ट्यात एक बंद बोगदाच टाकू. मुंबईहून आलेली गाडी बोगद्यात शिरेल आणि थेट तळेगावच्या पुढे बाहेर पडेल. मुख्य वाहतूक सुरळीत. पण लोणावळ्याला उतरणार कसं? तळेगावला वळणार कसं? आपण हॉस्टेलवाले रविवारी रात्री घरून परत येणार कुठून? महाधमनीचं नेमकं हेच आहे. पोटात तिला चार महत्त्वाचे फाटे आहेत. एक यकृत, जठर आणि प्लीहेकडे जाणारा, एक आतड्याकडे आणि दोन मूत्रपिंडांकडे. दोन्ही किडन्या मिळून हृदयाच्या एकूण रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा घेतात. आतड्याचा फाटा अचानक बंद झाला तर आतडं काही तासांत मरू लागतं. बंद कापडी नळी या तोंडांवरून घालून चालत नाही.

मावळात हे फार समजावून सांगावं लागत नाही. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकरी एक्स्प्रेस वेवर उतरले. गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. त्या योजनेची बाजू बरोबर की चूक हा माझ्या लेखाचा विषय नाही आणि माझा तेवढा अभ्यासही नाही. पण शेतकऱ्यांची भीती कुठल्याही इंजिनिअरला कळायला हवी. उघड्या नदीला वाटेत शंभर तोंडं असतात. तिच्या जागी बंद पाइप आला की पाणी पोचतं ते फक्त टोकाला. नकाशावर मुख्य लाइन जाड रेघेने काढलेली असते म्हणून आपण तिच्याकडेच बघतो. जगणं मात्र फाट्यांवर असतं.

फुगवटा किडन्यांच्या बराच खाली असेल तर प्रश्न सोपा. वर दहा-पंधरा मिलिमीटर चांगली भिंत मिळाली की नेहमीचा तयार ग्राफ्ट तिला धरून बसतो. नानांच्या बाबतीत फुगवटा किडन्यांच्या फाट्यांना भिडलेला होता. म्हणजे ग्राफ्ट चारही फाट्यांच्या वरपर्यंत न्यायचा, आणि फाट्यांसाठी कापडात छिद्रं ठेवायची. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मोठ्या प्रमाणावर विकसित झाली. प्रत्येक छिद्राला निटिनॉलची कडी, कडीवर एक्स-रेमध्ये दिसणारे ठिपके, आणि छिद्रातून फाट्यात एक छोटा स्टेंट बसवून जोड पक्का करायचा. दुसरी पद्धत म्हणजे छिद्राऐवजी कापडाला छोट्या बाह्याच शिवायच्या. सॅन फ्रान्सिस्कोचे टिमोथी च्युटर यांनी २००० च्या आसपास चार बाह्यांचा ग्राफ्ट बसवून दाखवला.

आता टॉलरन्सचा हिशोब करा. ग्राफ्टचा व्यास ३० मिलिमीटर, परीघ ९४. बसवताना ग्राफ्ट १० अंशांनी फिरला तर छिद्र २.६ मिलिमीटर सरकतं. किडनीच्या धमनीचं तोंडच पाच-सहा मिलिमीटर. म्हणजे १० अंशांत दार अर्धं बंद, २० अंशांत दारासमोर भिंत! आणि हे सगळं मांडीतून, एक-दीड हात लांबीच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला, एक्स-रेच्या पडद्याकडे बघून जुळवायचं. म्हणून ग्राफ्ट आधी दोऱ्यांनी आवळून अर्धाच उघडतात, छिद्रं जुळवतात आणि मग पूर्ण सोडतात. ज्यांच्या हातून वर्कशॉपमध्ये साधा मेल-फिमेल जॉइंट बसत नाही (मी त्यात पहिली) त्यांनी डॉक्टरांना मनापासून सलाम करावा.

प्रत्येक माणसाचे फाटे वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या कोनात. त्यामुळे नानांचा ग्राफ्ट त्यांच्या सीटी स्कॅनवरून मापाने शिवून परदेशातून यायचा होता. किती दिवस? आम्हाला अकरा आठवडे लागले. पैसे मामाने फ्लॅटसाठी ठेवले होते ते गेले. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली हे तुम्हाला आठवत असेल. ती हृदयाच्या धमन्यांमधल्या स्टेंटसाठी. नानांचा ग्राफ्ट त्यात येत नव्हता.

ते अकरा आठवडे मी दर रविवारी वलवणला जात होते. डॉक्टरांनी जड उचलू नका, बीपी वाढू देऊ नका म्हणून सांगितलेलं. नाना ओट्यावर बसून धरणाच्या बाजूला बघायचे. एकदा म्हणाले, "पूर्वी लाइनवर एखादा गॅस्केट गेला तर आम्ही मुंबईहून यायची वाट बघत नव्हतो. स्टोअरमध्ये चार मापांचे असायचे. घासून बसवायचो." मी म्हटलं, "नाना, हा काय गॅस्केट आहे का?" ते म्हणाले, "मग काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

ऑपरेशन पाच तास चाललं. तीन फाटे जुळले. डाव्या किडनीचा जुळला नाही. डॉक्टरांनी नंतर कागदावर चित्र काढून शांतपणे समजावलं. स्कॅन काढला तेव्हा नाना आडवे पडलेले, धमनी आपल्या नेहमीच्या वळणात. ऑपरेशनच्या वेळी आत ताठ तार आणि जाड नळी गेली, त्याने वळण सरळ झालं आणि फाट्यांच्या जागा सरकल्या. माप सैल पाइपाचं घेतलं आणि बसवला ताणलेल्या पाइपात. त्यातून ती धमनी मुळातच अरुंद आणि वरच्या दिशेने वळलेली. बराच वेळ प्रयत्न करून शेवटी ते छिद्र बुजवावं लागलं. नाना आज एका किडनीवर आहेत. जेवणात मीठ मोजून, दर महिन्याला क्रिएटिनिन. फुगवट्याचा धोका टळला, ते चालतात, फिरतात, मला रागावतात. आम्ही डॉक्टरांचे ऋणी आहोत, यात शंका नाही. पण माझ्या मनातून तो चौथा फाटा जात नाही.

कारण तो फाटा डॉक्टरांच्या कौशल्यावर अडला नव्हता. तो डिझाइनवर अडला. आणि डिझाइन हे आपलं काम आहे.

माझं मत अगदी स्पष्ट आहे. आज आपण आधी उत्तम सरळ नळी बनवतो आणि मग तिला भोकं पाडून फाटे देतो. हे उलट झालं पाहिजे. फाटा धरून सुरुवात करा, नळी नंतर. आणि मापात अचूकता वाढवत नेण्यापेक्षा चूक सामावून घेणारा जोड बनवा. अकरा आठवड्यांनी येणाऱ्या अचूक ग्राफ्टपेक्षा कपाटात तयार असलेला, चार मिलिमीटर इकडेतिकडे चालवून घेणारा ग्राफ्ट मला जास्त चांगलं इंजिनिअरिंग वाटतो. नानांच्या स्टोअरमधल्या गॅस्केटसारखा.

जगात या दिशेने काम चालू आहे. चार फाट्यांचा तयार ग्राफ्ट अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झाला. पण तयार मापं प्रत्येक शरीरात बसत नाहीत. २००४ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी आशियाई रुग्णांची मोजमापं मांडली तेव्हा कमरेत जाणाऱ्या धमन्या पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा आखूड असल्याचं त्यांना दिसलं. म्हणजे ज्यांच्या मापाने रेडिमेड शर्ट शिवले ते आपण नव्हे. आपल्या मापांचा तक्ता आपणच करायला हवा.

करण्यासारखं काय काय आहे बघा.

पहिलं, छिद्राभोवतीचं कापड. ते ताठ असण्याऐवजी घडीचं, घुंगटासारखं सैल ठेवलं तर छिद्र स्वतः थोडं सरकू शकेल, कलू शकेल. पण सैल कापडाला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीत रक्त गोठतं. किती सैल, हा निव्वळ आपला प्रश्न.

दुसरं, जोडातला छोटा स्टेंट. आपण श्वास घेतो तेव्हा किडन्या खाली सरकतात आणि सोडला की वर. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाला एकवीस हजार वेळा तो जोड वाकतो. वर हृदयाचे एक लाख ठोके वेगळेच. दहा वर्षांचं आयुष्य धरून अशा ग्राफ्टची चाचणी सुमारे ४० कोटी आवर्तनांची असते, ती ठोक्यांच्या हिशोबाने. श्वासाचं वाकणं वेगळं मोजावं लागतं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं ते योग आणि श्वास यंत्रांनी मोजण्यासाठी. श्वास मोजायची परंपरा या गावाला आहे. मग दीर्घ प्राणायामात किडनीची धमनी किती वाकते हा प्रश्न लोणावळ्यातल्या कॉलेजने का विचारू नये?

तिसरं, विणकाम. आज बाह्या शिवतात, आणि शिवण म्हणजे जाडी आली, सुईची भोकं आली. मिटवलेला ग्राफ्ट सहा-सात मिलिमीटरच्या नळीत बसवायचा असतो, तिथे प्रत्येक टाका जागा खातो. पण नळीच नाही तर नळीचा फाटासुद्धा मागावर एकसंध विणता येतो. त्यासाठी धोट्याचा माग लागतो, कारण धोट्याचा धागा कडेला न तुटता परत फिरतो आणि वर-खालची दोन कापडं कडेला जोडून नळी तयार होते. नव्या बिनधोट्याच्या मागांवर धागा प्रत्येक फेरीला कापला जातो. आणि इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत धोट्याचे जुने माग भंगारात निघतायत! अरुंद पट्टीचा माग वेगळा असतो, वैद्यकीय धागा वेगळा असतो, हे मला मान्य. पण धोटा ज्यांच्या हातात आयुष्यभर फिरला ती माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना कुणी हा प्रश्न विचारलाय का?

हे सगळं मी कॅन्टीनमध्ये बोलले तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्हींना उत्तर देते.

"हे बायोमेडिकलवाल्यांचं काम." अरे, हूप स्ट्रेस आपला, फ्लुइड मेकॅनिक्स आपलं, फटीग आपलं, मिश्रधातू मेटलर्जीचे. मग उरलं काय? फक्त 'पेशंट' हा शब्द बघून आपण घाबरतो.

"प्लेसमेंटला काय उपयोग?" कदाचित काहीच नाही. पण जो प्रोजेक्ट आपण पुण्यातल्या दुकानातून तयार विकत आणतो, बाइंडिंग बदलतो आणि एक्स्टर्नलसमोर पाठ म्हणून दाखवतो, त्याचा तरी प्लेसमेंटला काय उपयोग होतो? निदान खोटं बोलायची प्रॅक्टिस होते, एवढंच. (सर, कुणाचं नाव घेतलेलं नाही!)

"आपल्यासारख्यांना हे जमणार आहे का?" हा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो मला स्वतःलाच रात्री पडतो. शरीरात बसवायची वस्तू बनवणं हे विद्यार्थ्यांचं काम नाही, नसावंच. त्याला कायदे आहेत, चाचण्या आहेत, वर्षं लागतात. पण त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनिअरांनी हृदयाची झडप बनवायला घेतली तेव्हा पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं आणि डिसेंबर १९९० मध्ये ते पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. मग ती झडप आपल्या देशात परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त मिळू लागली. तीन मॉडेलं फसली तेव्हा कुणीतरी टेबलावर बसून ती का फसली हे मोजत होतं. आपण निदान त्या टेबलापर्यंत पोचू शकतो.

म्हणून माझी सर आणि मॅडमना एकच विनंती आहे. फ्लुइड्सच्या लॅबमध्ये कोपऱ्यातलं एक टेबल द्या. सीटी स्कॅनवरून धमनीचा आकार काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, प्रवाहाचं गणित करायचंही. थ्रीडी प्रिंटरवर साचा काढून त्यावर पारदर्शक सिलिकोनची महाधमनी ओतता येते. रक्ताऐवजी पाण्यात साधारण चाळीस टक्के ग्लिसरीन घातलं की घट्टपणा रक्ताच्या जवळ येतो. एक ठोके देणारा पंप, थोडा रंग, आणि साधी नळी. त्या नळीला छिद्रं पाडून ती १० अंश फिरवायची, ताठ तार घालून वळण सरळ करायचं आणि चौथ्या फाट्यात किती पाणी जातं ते मोजायचं. दरवर्षी एका ग्रुपने एकच प्रश्न घ्यायचा आणि पुढच्या ग्रुपला आपल्या चुकांसकट वही द्यायची. पाच वर्षांनी आपल्याकडे काहीतरी खरं असेल. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना दाखवायला लाज वाटणार नाही असं.

या टेबलासाठी पहिली महाधमनी माझ्याकडे आहे. नानांनी त्यांच्या सीटी स्कॅनची सीडी मला दिली, ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची. द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "यात माझं नाव दिसतं का गं?" मी म्हटलं, नाव काढून टाकते. तर म्हणाले, "नाव काढ. पण तो डावा फाटा काढू नकोस."

सीडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मॅगीच्या पाकिटांखाली. ज्याला यात यायचं असेल त्याने मेसच्या वेळेनंतर गर्ल्स हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवावा. मेकॅनिकलचाच असावा अशी अट नाही. शिवणकाम येत असेल तर प्राधान्य!